गरोदरपणातलं व्हिटॅमिन डी आणि थायरॉईड: आकड्यापासून गोळ्यांच्या वेळापत्रकापर्यंत

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला रक्ताच्या चाचण्यांची जी चिठ्ठी हातात पडते, तिच्यात हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर यांच्याखाली हल्ली टीएसएच असतंच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन; थायरॉईड कमी पडलं की ते वाढतं आणि जास्त झालं की उतरतं. बऱ्याच खासगी दवाखान्यांत व्हिटॅमिन डीसुद्धा असतं. प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत आमचा बराचसा दिवस या दोन आकड्यांमागे जातो. रक्त कधी घेतलं, आकडा कितव्या आठवड्यातला आहे, गोळी कशाबरोबर घेतली जाते, हे आम्ही विचारतो. औषध लिहिणं डॉक्टरांचं काम. पण ते अंगी लागतं की नाही, हे पुष्कळदा या बारीकसारीक गोष्टींवर ठरतं, आणि नेमक्या त्याच गोष्टी घाईत सांगायच्या राहून जातात.

रक्त देण्यापासून सुरुवात करू. "ताई, उपाशीपोटी यायचं का?" हा ठरलेला प्रश्न. व्हिटॅमिन डी आणि टीएसएच या दोन्हींसाठी उपाशी राहायची गरज नाही. ज्या बाईला थायरॉक्सिनची (थायरॉईड कमी पडतं म्हणून देतात ती) गोळी आधीपासून चालू आहे आणि जिची फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातल्या थायरॉईड हार्मोनची पातळी, तपासायची आहे, तिने मात्र त्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर गोळी घ्यावी. गोळी घेतल्यानंतर काही तास टी-फोर चढलेली दिसते.

आम्ही नेहमी विचारतो ती दुसरी गोष्ट केसांच्या गोळ्यांची. केस गळतात म्हणून बायका औषधाच्या दुकानातून परस्पर बायोटिन आणतात. पाच किंवा दहा मिलिग्रॅमची ही गोळी त्यांच्या लेखी औषधच नसते, त्यामुळे "काही औषधं चालू आहेत का" या प्रश्नाला उत्तर "नाही" येतं. काही यंत्रांवरच्या चाचण्या बायोटिनच्याच रसायनावर चालतात. तिथे रक्तातलं जादा बायोटिन आकडे बिघडवतं. टीएसएच आणि पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथीचं, कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) खोटे कमी येतात, फ्री टी-फोर आणि व्हिटॅमिन डी खोटे जास्त. असा रिपोर्ट पाहून थायरॉईड जास्त काम करतंय असं वाटतं आणि डीची कमतरता झाकली जाते. म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, डोस मोठा असेल तर तीन दिवस, बायोटिन बंद ठेवायला सांगतो. प्रश्नही नाव घेऊनच विचारावा: केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी काही घेता का?

चाचणी कोणती लिहिली आहे तेही बघायला हवं. शरीरात साठा किती हे सांगणारी चाचणी म्हणजे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. १,२५-डायहायड्रॉक्सी नावाची दुसरी, महागडी चाचणी आहे. ती या व्हिटॅमिनचं सक्रिय रूप मोजते आणि हे रूप खरं तर एक हार्मोनच आहे. गरोदरपणात साठा मोजायला ती अजिबात उपयोगाची नाही. पहिल्या तिमाहीपासूनच हे सक्रिय रूप वाढायला लागतं आणि पुढे ते एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतं. मूत्रपिंड ते जास्त बनवतं, वारेतही ते बनतं. एरवी ही वाढ पीटीएच घडवून आणतं. गरोदरपणात मात्र पीटीएच स्वतः खालच्या पातळीला असतं आणि तरीही सक्रिय डी वाढतं. त्यातून आतड्याची अन्नातलं कॅल्शियम शोषायची ताकद जवळपास दुप्पट होते. बाळाच्या हाडांत जन्मापर्यंत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम जातं आणि त्यातलं जवळजवळ चार-पंचमांश शेवटच्या तिमाहीत. शरीर ही तयारी कितीतरी आधीपासून करून ठेवतं. साठा रिकामा असतानाही सक्रिय रूप चांगलं दिसू शकतं, म्हणून बघायचा तो साठाच.

पीटीएचचं हे खाली जाणं आपल्याकडे दर वेळी दिसतं असं नाही. दूध-दही जेमतेम, नाचणी ताटातून गेलेली, त्यात डीचा साठाही कमी, अशा बाईचं पीटीएच गरोदरपणातही वर राहतं. म्हणजे कॅल्शियम हाडांतून काढलं जातंय. व्हिटॅमिन डी खूपच कमी आलं आणि कंबर, मांड्या, बरगड्या दाबल्यावर दुखत असतील, तर डॉक्टर कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच एकत्र तपासून घेतात. हे आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. गरोदरपणात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरतं, त्यामुळे एकूण कॅल्शियमचा आकडाही थोडा खाली येतो, पण रक्तातलं मोकळं कॅल्शियम जागच्या जागीच असतं. दुसरं, अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम शेवटच्या तिमाहीत चढलेलं असतं. रिपोर्टवर ते लाल किंवा ठळक छापून येतं आणि घरात घबराट होते. ही वाढ बहुतांशी वारेतून येते. एरवी तोच आकडा हाडं मऊ पडल्याची खूण मानतात, इथे त्यावरून एकट्याने काही ठरवता येत नाही.

आता खुद्द आकडा. आपल्याकडचे रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतात. ब्रिटनसारख्या देशांत नॅनोमोल प्रति लिटर वापरतात आणि नॅनोमोलला अडीचने भागलं की आपला आकडा मिळतो. लंडनहून बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीच्या फाइलमध्ये '४८' दिसला की आई म्हणते, चांगलंच आहे की. पण तो ४८ म्हणजे आपल्याकडचा १९.

किती असावं यावर एकमत नाही, आणि हे बायकांना सरळ सांगावं असं आमचं मत आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली २० नॅनोग्रॅम पुरेसं मानलं. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने, ३० ची रेघ आखली, आणि प्रयोगशाळा अजून तीच रेघ छापतात. त्यामुळे २४ आलेल्या बाईच्या रिपोर्टवर 'अपुरे' असा शिक्का बसतो आणि तिची झोप उडते. २०२४ मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच आपली भूमिका बदलली: गरोदर बाईला व्हिटॅमिन डी द्यावं, पण प्रत्येकीची पातळी तपासत बसू नये. जागतिक आरोग्य संघटना सरसकट सगळ्यांना देण्याच्या बाजूची नाही. कमतरतेचा संशय असेल तर रोज २०० युनिट चालतील, असं ती म्हणते. आपल्याकडच्या आयसीएमआर (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये रोजची गरज ६०० युनिट धरली आहे.

आपल्याकडे कमतरता किती पसरलेली आहे याचा अंदाज लखनौच्या एका अभ्यासावरून येतो. तिथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ८४ टक्के गरोदर स्त्रियांची पातळी २२.५ नॅनोग्रॅमच्या खाली निघाली होती, शहरातल्याही आणि खेड्यातल्याही. उन्हाच्या देशात असं का, हा प्रश्न आम्हाला रोज ऐकू येतो. याचं एक कारण आहे आपलं लाडकं कोवळं ऊन. सकाळी सातचं ऊन अंगाला सुखावतं, पण सूर्य तिरपा असताना डी बनवणारे यूव्हीबी किरण हवेतच अडतात. खिडकीची काचही ते अडवते, म्हणून बंद गॅलरीत बसून काही साधत नाही. मोजायला सोपं साधन सावली: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच त्या उन्हाचा उपयोग. पुण्यात मे महिन्यात सकाळी सव्वानऊ-साडेनऊलाच सावली इतकी आखूड होते, म्हणजे उकाडा चढायच्या आत काम होतं. नागपुरात डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही ती जेमतेम उंचीएवढी असते. चेहरा झाकून हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसलं तरी चालतं. अर्थात पूर्ण बाह्या, ओढणी, दुचाकीवरचा स्कार्फ, आणि सकाळी नऊ ते दुपारी दोन हा घरकामाचा किंवा ऑफिसचा वेळ, हे सगळं पाहता केवळ उन्हावर कमतरता भरून निघेल अशी आशा आम्ही कुणाला दाखवत नाही.

जेवणातूनही थोडंच मिळतं. अंड्याच्या एका बलकात जेमतेम ४० युनिट. कोकणात-गोव्यात तारली, बांगडा नियमित खाणाऱ्यांची स्थिती थोडी बरी. शाकाहारी घरात पिशवीवर निळं 'एफ-प्लस' चिन्ह असलेलं दूध घ्यावं. त्यात लिटरमागे २०० ते ३०० युनिट घातलेले असतात. दोन मोठे कप प्यायले तर शंभराच्या आसपास. चांगलंच, पण रिकामा साठा त्याने भरत नाही.

म्हणून औषध. आपल्याकडे दोन रूपांत मिळतं: रोजची १००० किंवा २००० युनिटची गोळी, आणि आठवड्याला ६०,००० युनिटचं पाकीट किंवा कॅप्सूल. कमतरता मोठी असेल तर आठवड्याला एक असं सहा ते आठ आठवडे आणि मग रोजची छोटी मात्रा, ही नेहमीची पद्धत. काही डॉक्टर गरोदरपणात सुरुवातीपासून रोजचीच मात्रा पसंत करतात. साठ हजारला सातने भागलं तर दिवसाला साडेआठ हजारांहून जास्त होतात. रोज ४००० ही सर्वसाधारण कमाल मर्यादा, त्यामुळे पाकिटाचा कोर्स ठरलेल्या मुदतीपुरताच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

इथे होणारी सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे आठवड्याचं पाकीट रोज घेणं. चिठ्ठीवर इतर सगळी औषधं रोजची असतात, दुकानदार एकदम चार-आठ पाकिटं देतो, आणि घरी ती कॅल्शियमच्या पट्टीसोबत डब्यात पडतात. आम्ही पाकिटांवर पेनाने तारखा लिहून देतो, शक्यतो रविवारच्या, कारण त्या दिवशी घरचं जेवण निवांत होतं. पाकीट कोमट दुधात ढवळावं. बारीक दाणे पेल्याच्या तळाला आणि कडेला चिकटून राहतात, म्हणून तोच पेला पुन्हा थोडं दूध घालून विसळून प्यावा. हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं, तेव्हा पोळी-भाजी, वरणभात-तूप असं नीट जेवण झाल्यावर घ्यावं. उपासाच्या दिवशी किंवा नुसत्या काळ्या चहाबरोबर घेतलेलं बरंचसं वाया जातं.

दुसरी गफलत कॅल्सिट्रिऑलची. कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत व्हिटॅमिन डी-थ्रीऐवजी ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रिऑल असतं, म्हणजे तयार सक्रिय हार्मोन. ते साठ्यात जमा होत नाही. तीन महिने नेमाने गोळी घेऊनही २५-हायड्रॉक्सीचा आकडा हलत नाही, आणि दोष बाईच्या खाण्यापिण्याला दिला जातो. शिवाय गरोदरपणात हे हार्मोन मुळातच भरपूर असतं. मूत्रपिंडाचा किंवा पॅराथायरॉईडचा आजार असेल तर कॅल्सिट्रिऑलला जागा आहे. एरवी पट्टीच्या मागे 'कोलेकॅल्सिफेरॉल' (म्हणजेच डी-थ्री) हे नाव आहे का ते बघून डॉक्टरांना विचारावं.

सरकारी आरोग्य केंद्रात आशाताई देतात त्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट डी-थ्री असतं. चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला दोन, आणि बाळंतपणानंतर सहा महिने. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत, कारण एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही.

खरी गर्दी होते ती थायरॉईडची गोळी आली की. पहिल्या तिमाहीत गरोदरपणाचं हार्मोन, एचसीजी, थायरॉईडला थोडं चेतवतं. म्हणून टीएसएच आपोआप खाली येतं आणि आठव्या ते बाराव्या आठवड्यात ०.१ किंवा ०.२ दिसलं तरी तो आजारच असेल असं नाही. उलट बाजूला, एरवी चालून जाणारं टीएसएच इथे जास्त ठरू शकतं. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत पहिल्या तिमाहीत २.५ आणि नंतर ३ अशी वरची मर्यादा आहे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ पासून, स्थानिक मर्यादा उपलब्ध नसेल तर, सुमारे ४ मानलं आहे. रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली मर्यादा बहुधा सर्वसाधारण प्रौढांची असते. म्हणून आम्ही प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर पेनाने आठवडा लिहितो. डॉक्टर बदलले, गाव बदललं, सातव्या महिन्यात मुलगी माहेरी गेली, तरी पुढच्याला आकडा वाचता येतो.

आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईला गरोदरपणात साधारण पाव हिस्सा जास्त मात्रा लागते. अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात: पाळी चुकून तपासणी पॉझिटिव्ह आली की आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू करा आणि भेटायला या. मग गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा.

कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियमही एकमेकांना आडवे येतात. तिन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेऊन मोकळं व्हायचं, ही पद्धत आम्हाला फार दिसते. मग टीएसएच वाढतं, हिमोग्लोबिन हलत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि तीही चहातच जाते. आम्ही बसवून देतो ते वेळापत्रक असं: उठल्याबरोबर साडेसहाला थायरॉक्सिन साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा-दूध काही नाही. अकरा वाजता लोहाची लाल गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर, आजूबाजूला चहा नाही. दीड वाजता जेवणानंतर कॅल्शियमची पहिली गोळी, रविवारी त्याच जेवणावर डीचं पाकीट. रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी. अकराची गोळी घेऊन मळमळ होत असेल तर लोह रात्री झोपताना घ्यावं आणि कॅल्शियमची दुसरी गोळी संध्याकाळच्या खाण्यावर आणावी. पहिल्या तीन महिन्यांत, उलट्या जोरात असताना, लोह-कॅल्शियम अजून सुरू झालेलं नसतं, तेव्हा फक्त थायरॉक्सिन सांभाळायचं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

व्हिटॅमिन डीची पुन्हा तपासणी घाईने करू नये. रक्तातला साठा अर्धा व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि नवी पातळी स्थिरावायला दोन ते तीन महिने. दोन पाकिटांनंतर तपासून "काही फरक नाही" म्हणणं म्हणजे पैसे वाया. ढोबळ हिशेब असा की रोज १०० युनिट दोन-तीन महिने घेतले तर पातळी एक नॅनोग्रॅमच्या आसपास वाढते. वजन बरंच जास्त असेल तर त्याच मात्रेने कमी वाढते. फिटची काही औषधं आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन डी लवकर संपवतात. अशा बायकांना नेहमीची मात्रा पुरत नाही, आणि ही औषधं चालू असल्याचं सांगणं फार गरजेचं आहे. पुन्हा तपासताना प्रयोगशाळा तीच ठेवावी. यंत्र बदललं की आकडा बदलतो, आणि गरोदरपणात डी वाहून नेणारं प्रथिन वाढलेलं असल्याने काही यंत्रं मुळातच कमी मोजतात.

जास्त झाल्याची लक्षणं ध्यानात ठेवावीत: सतत तहान, वारंवार लघवी, घट्ट बद्धकोष्ठ, सहाव्या-सातव्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या उलट्या. यातली निम्मी गरोदरपणात एरवीही असतात, म्हणून शंका आली की डीबरोबर कॅल्शियम तपासावं. पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली तर विषबाधेचा धोका. क्वचित एखादीच्या शरीरात डी मोडणारं एन्झाइमच दुबळं असतं आणि साध्या मात्रेनेही कॅल्शियम चढतं. मुतखड्याचा घरचा इतिहास असेल तर तो आधीच सांगावा.

डी घेतल्याने रक्तदाब, मधुमेह, कमी दिवसांचं बाळंतपण टळेल अशी हमी जाहिराती देतात, ती खरी मानू नये. अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ढाक्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सुमारे १३०० बायकांना आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत दिलं, पण बाळांची वर्षाची उंची वाढली नाही. आईची पातळी मात्र सुधारली, आणि आमच्या मते द्यायला तेवढं कारण पुरेसं आहे. नाळेच्या रक्तात आईच्या पातळीच्या साधारण निम्मी ते पाऊणपट डी असते. आईकडे ८ असेल तर बाळ ४-६ घेऊन जन्माला येतं. अशा बाळांमध्ये कॅल्शियम उतरून झटके येण्याचा धोका राहतो.

आईच्या दुधात डी फार कमी असतं, आई कितीही डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर खाओ. म्हणून जन्मल्यापासून वर्षभर बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब. तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याने थेंबांची गरज संपत नाही. बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, मिलिलिटरला ४०० आणि ८००. पहिल्या बाटलीच्या सवयीने दुसरीतूनही पूर्ण मिलिलिटर दिला जातो, म्हणून दर नव्या बाटलीचं लेबल वाचावं आणि ड्रॉपर तिचाच वापरावा. आईची थायरॉक्सिनची मात्रा बाळंतपणानंतर गरोदरपणाआधीच्या पातळीवर आणतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात. ही तपासणी बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच करून घ्यावी, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही आणि चुकतही नाही.